सहा दिवसांचं रान

ओढ्याकाठचा तो तुकडा खुरपायला गिताबाईला सहा दिवस लागायचे. सोमवारी दिवस उगवताना ती चिंचेच्या बुडाशी बसायची आणि शनिवारी उन्हं कलताना खालच्या बाभळीपाशी उठायची. मग खुरपं दगडावर आपटून माती झटकायची, पदरानं मान पुसायची आणि मागं वळून सगळं रान एकदा नजरेखालून घालायची. लग्न होऊन या वस्तीवर आल्यापासून एकोणीस पावसाळे तिनं हेच केलं. रूपालीच्या वेळी पोटुशी होती तेव्हा सात दिवस लागले, आणि एकदा माहेरी जायची घाई होती तेव्हा साडेपाच. एरवी सहा म्हणजे सहा. तुकड्याचं क्षेत्र किती, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं.

तुकडा मोठ्या गुणाचा. एका अंगाला ओढा, दोरी ताणल्यासारखा सरळ. दुसऱ्या अंगाला कमानीसारखी वळत गेलेली ताल, म्हणजे मातीचा उंच बांध. मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळतं असं ते रान. माती काळी, गाळाची; सकाळी मूठभर उचलली तर संध्याकाळपर्यंत हाताला तिचा वास राहायचा. ओढ्यापलीकडं धाकट्या दिराचं, हौशीरामचं रान होतं.

अठ्ठ्याण्णव सालच्या भादव्यात तीन दिवस पाऊस कोसळला आणि ओढ्यानं आपली वाट सोडली. सरळ जायचं टाकून तो तालीच्या पायथ्यानं वळला. चौथ्या दिवशी गिताबाई बघायला गेली तर तालीखाली गढूळ पाणी भरून वाहत होतं आणि तिचा तुकडा पाण्यापलीकडं, हौशीरामच्या रानाला जाऊन चिकटला होता. जुन्या पात्रात कमरेएवढी वाळू साचली होती. निम्मा कांदा अजून उभा होता. चिंच पलीकडं होती, बाभळही पलीकडं. गिताबाई तालीवर थांबली आणि पलीकडचा कांदा बघत राहिली, पाहुण्याच्या घरी दिलेल्या लेकीकडं बघावं तशी.

दोन महिने तसेच गेले. औत पलीकडं नेता येईना, पंपाचं पाणी जाईना. दिवाळीच्या आधी हौशीरामच वस्तीवर आला. सोबत फुलमळ्याचे बापूसाहेब होते. वय झालेलं, चार घरच्या भानगडी मिटवणारं माणूस.

"दादा," हौशीराम म्हणाला, "वढा काय आता माघारी जायचा न्हाई. तुझा तुकडा माझ्या अंगाला आलाय. तू मला त्यो दे. मी तुला तेवढंच रान तुझ्या विहिरीमागच्या माझ्या पट्टीतनं देतो. माती तीच हाय, पानी बी हाताशी. काय म्हंतोस?"

गिताबाईचा नवरा मल्हारी दुखरा गुडघा चोळत बसला होता. बारा वर्षं तो मेंढरांमागं कोकणात उतरला होता; घाटात गुडघा गेला तेव्हा कळप विकून घरी बसला, त्याला चार वर्षं झाली होती. शेत त्याचं होतं, पण त्याचा हात शेताला उशिरा लागला. मेंढरू बघून तो त्याचं वय सांगायचा, वजन सांगायचा. रान बघून त्याला काही सांगता यायचं नाही, आणि हे त्यानं कधी कबूल केलं नव्हतं.

"तेवढंच म्हंजी केवढं?" त्यानं विचारलं.

"ते मोजाय लागंल."

"मोजणीवाला आणायचा तर तालुक्याला खेटं घालावं लागत्यात. चार-सहा म्हयनं गेलं. ऊस कवा लावायचा मग?" मल्हारी म्हणाला.

बापूसाहेबांनी पान तोंडात सारलं. "मोजणीवाला कशाला? घरात रूपी हाय की. बारावीला, सायन्सला. मोजणीवाल्याला कोंबडं लागतंय, रूपीचं शेंगदाण्याच्या लाडवावर भागंल."

सगळे हसले. रूपाली दारात पुस्तक घेऊन उभी होती, तीही हसली. पाटसला चालत जाऊन एसटी पकडायची आणि दौंडच्या कॉलेजला जायचं, असं तिचं दीड वर्ष चाललं होतं. वस्तीवरची कुणी मुलगी दहावीच्या पुढं गेली नव्हती. मल्हारीच्या बहिणीचा मुलगा संपत रांजणगावला कंपनीत लागला होता. आत्याचे सोयरिकीसाठी निरोपावर निरोप येत होते, आणि मल्हारी म्हणत होता, दिवाळी झाली की बघू. दिवाळी आता आठ दिवसांवर आली होती.

"जमंल का गं?" मल्हारीनं विचारलं.

"जमंल की, आप्पा. त्याचंच गणित सुट्टीच्या आधी सरांनी चालू केलंय," रूपाली म्हणाली. "वाकडी रेघ आन् सरळ रेघ, ह्यांच्यामधली जागा किती, ते काढायचं."

"बघा," बापूसाहेब म्हणाले. "सरकारला आपल्या वढ्याचं आदीच ठाव हुतं."

मोजायला भाऊबीजेचा दिवस ठरला. घायपाताची नवी दोरी वळून तेहेतीस फुटांची केली, कारण तेहेतीस बाय तेहेतीसचा एक गुंठा हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. ओढ्याच्या जुन्या सरळ काठानं खुंट्या ठोकत गेले. दहा दोऱ्या भरल्या. मग एकेका खुंटीपासून आडवं, नव्या पाण्यापर्यंत किती, ते रूपालीनं वहीत लिहून घेतलं. दोरीचं एक टोक हौशीरामकडं, दुसरं गिताबाईकडं. ती साडी खोचून पोटरीभर चिखलात उभी. ऐन मध्यावर तीन दोऱ्या आणि वर साडेचार फूट भरलं; दोन्ही टोकांना कमी कमी होत शून्य.

संध्याकाळी रूपालीनं चौकटीच्या कागदावर ठिपके मांडले आणि जोडले. तिचा चेहरा उजळला. "आई, हे बघ. हुबेहूब साइनची लाट! पुस्तकातल्यासारखी."

गिताबाईनं भाकरी थापता थापता बघितलं. तिला आपलं रान दिसलं, वरून, घारीला दिसावं तसं. इथं चिंच, इथं बाभळ. "आन् आता गं?"

"आता ह्याच्या उभ्या पट्ट्या करायच्या. बारीक बारीक, सुतासारख्या. सगळ्यांची बेरीज करायची. पर एकेक मोजत बसायचं न्हाई, त्याला रीत हाय."

"मी बी पट्ट्याच करते की," गिताबाई म्हणाली. "वितीएवढ्या. बसून पुढं सरकत."

रूपाली हसली आणि वहीत डोकं घालून बसली. पानभर आकडे झाले. खाली तिनं एक आकडा लिहिला आणि त्याच्याभोवती चौकोन काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे ओसरीत जमले. रूपालीनं वही उघडून सांगितलं, "दहा गुंठं."

"दहा?" गिताबाई चहाच्या कपबश्या हातात घेऊन दारातच थांबली. "दहा कसं असंल? मला सहा दिस लागत्यात त्याला. विहिरीमागच्या दहा गुंठ्याला तीन दिसात उरकतंय माझ्या जावंचं, आक्काबाईचं. मी बघतीया की."

हौशीराम काटकीनं जमीन उकरत होता. त्यानं मान वर केली नाही.

मल्हारीच्या कपाळाची शीर उठली. "पोरगी सायन्सला हाय. पानभर गणित केलंय तिनं. आन् तू खुरप्यानं जमिनी मोजाय निघालीस व्हय? उद्या म्हणशील, पोळपाटानं चंद्र मोजते."

बापूसाहेब खो खो हसले. हसता हसता म्हणाले, "वैनी, बाईमाणसाचं काम गप्पा मारत चालतंय. त्याचं माप कसं धरायचं?"

गिताबाई एकटीच खुरपायची. गप्पा मारायला तिथं कुणी नसायचं. तिनं रूपालीकडं बघितलं. रूपालीच्या गालावर लाली चढली होती. सगळं घर पहिल्यांदाच तिच्या वहीवर वाकलं होतं. गिताबाईनं कपबश्या खाली ठेवल्या.

"पोरीचं गणित मला मान्य हाय," हौशीराम जमिनीकडं बघतच म्हणाला. "लिहा, बापूसाहेब."

स्टँपपेपरवर लिहिलं गेलं. ओढ्यापलीकडचा तुकडा, अंदाजे दहा गुंठे, हौशीरामकडं. विहिरीमागची दहा गुंठे पट्टी मल्हारीकडं. पुढंमागं कुणाची तक्रार नाही. मल्हारीनं सही केली. सही शिकून त्याला दोनच वर्षं झाली होती आणि ती रूपालीनंच शिकवली होती.

त्या दिवसापासून मल्हारी बदलला. जो भेटेल त्याला सांगायचा. पाटसच्या बाजारात, पिठाच्या गिरणीवर, कारखान्याला ऊस घेऊन निघालेल्या गाडीवाल्याला थांबवून सांगायचा. "मोजणीवाला लागला न्हाई. पोरीनं एका संध्याकाळी काढलं. दहा गुंठं, इकडं तिकडं न्हाई." आत्या दिवाळी सरल्यावर चौकशीला आली तेव्हा म्हणाला, "बारावी हू दे. त्याच्या म्होरं बी शिकली तर शिकू दे. संपतला दुसरी बघ बाई." आत्या तोंड फुगवून जेवण न करता गेली. गिताबाईनं हे सगळं चुलीपाशी बसून ऐकलं. तिला वाटलं, सहा काय आणि तीन काय. असेल माझंच चुकत.

सुट्टी संपून कॉलेज सुरू झालं आणि पंधरा दिवसांनी एक दिवस रूपाली दुपारच्याच एसटीनं परत आली. दप्तर ओसरीत टाकलं आणि थेट विहिरीमागं गेली. गिताबाई नव्या पट्टीत लावलेल्या कांद्याला बारं देत होती. फावड्यानं एक वाफा फोडायचा, भरला की बुजवायचा.

"पानी सांडंल, सरक," गिताबाई म्हणाली. मग तिनं लेकीचं तोंड बघितलं. "काय झालं? कुणी काय बोललं का?"

रूपाली बांधावर बसली. पायाचा अंगठा चिखलात रुतवत राहिली. "आई, दहा न्हाई. वीस हाय."

"काय वीस?"

"आपलं रान. वीस गुंठं हाय. अर्धा एकर. माझं चुकलं."

पाणी वाफ्यातनं उतू जायला लागलं. गिताबाईनं सवयीनं फावडं ओढून तोंड बुजवलं आणि पुढचा वाफा फोडला. "सांग नीट."

"रीत अशी हाय," रूपाली म्हणाली. "आकडा दोनदा घालायचा. एकदा वरच्या हद्दीचा, म्हंजी रान संपतं तिथला. एकदा खालच्या हद्दीचा, जिथनं चालू हुतं तिथला. मग वरच्यातनं खालचा वजा करायचा. मी वरचा घातला, एक आला. खाली शून्य हुतं, पहिली खुंटी. सुट्टीच्या आधी सरांनी दोन गणितं घातली, दोन्हीत शून्य घातलं की शून्यच येत हुतं. म्हणलं, शून्यात काय असतंय? घालूनच बघितलं न्हाई." तिनं बोटानं चिखलात शून्य काढलं. "आज सरांनी ह्याच लाटेचं गणित घेतलं. तिथं शून्य घातलं तरी शून्य येत न्हाई, आई. वजा एक येतोय. एकातनं वजा एक काढला की वाढतंय. एकाचं दोन हुतंय. दहाचं वीस."

गिताबाईला वजा कळलं नाही. तिला वीस कळलं. "म्हंजी सहा दिस," ती म्हणाली.

"सर म्हणले, उत्तर आलं की चित्राकडं बघत जा. नुसता त्रिकोण काढला असता तरी साडेपंधरा गुंठं भरतंय. डोळ्याला दिसतंय. तू सांगत हुतीस आन् मी वहीत बघत हुते." रूपालीनं गुडघ्यात तोंड घातलं. "मी आप्पांना सांगते. आजच सांगते."

गिताबाईनं फावडं बांधाला टेकवलं. तळहाताची माती साडीला पुसली आणि लेकीच्या शेजारी बसली.

"सांगितलंस तर काय हुईल?"

रूपालीनं अंगठा चिखलातनं काढला.

"चार गावात सांगून आल्यात ते. गिरणीवालीला बी ठाव हाय. आता त्यांनी तोंड कुठं न्यायचं? ते काय तुला मारायचं न्हाईत. एवढंच म्हंतील, बास झालं शिक्षण. आत्या वाटंवर बसलीच हाय."

"पर दहा गुंठं, आई."

"मी बघते. भावजींशी बोलते. तू तोंड धू. आन् परीक्षेत पुन्ना शून्याला इसरू नगंस."

दोन दिवसांनी मल्हारी बैलांना नाल ठोकून आणायला गेला तेव्हा गिताबाई ओढा ओलांडून हौशीरामच्या घरी गेली. पाणी आता घोट्याएवढंच होतं. वाट तिच्याच तुकड्यातनं जात होती. नांगरून, ढेकळं फोडून, कांदा लावून झाला होता. ती बांधाबांधानं गेली. मधनं पाय घातला नाही.

हौशीराम बाजेवर बसून सुतळी वळत होता. "या वैनी. दादा न्हाई आला?"

"मीच आले, भावजी." ती जोत्याच्या कडेला टेकली. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. "त्या मोजणीत चूक झालीया. पोर ल्हान हाय. रान वीस गुंठं भरतंय."

हौशीरामची बोटं थांबली नाहीत. सुतळीला पीळ पडत राहिला. "कोण म्हंतंय?"

"तीच म्हंतीया. कॉलेजात कळलं तिला."

"मला काय कळतंय त्यातलं, वैनी? मी काय शिकलेला हाय?"

"नांगरलं तुम्ही. बैलाला किती दिस लागलं?"

आता मात्र बोटं थांबली. हौशीरामनं तिच्याकडं बघितलं, आणि त्या बघण्यात तिला कळलं की याला भाऊबीजेलाच कळलं होतं. दोरीचं दुसरं टोक त्याच्याच हातात होतं.

"सख्खा भाऊ हाय म्हणून आदीच मोजू म्हणलं हुतं मी," तो हळू म्हणाला. "मोजणीवाला नगं कोण म्हणलं? दादा. दहा गुंठं कोण म्हणलं? तुमची पोरगी. खुरप्यावर कोण हसलं? मी न्हाई हसलो, वैनी. आठवून बघा."

"न्हाई हसला," गिताबाई म्हणाली. ते खरं होतं.

"मग दादाला घेऊन या. त्यांनी माझ्या दारात म्हणावं, माझ्या पोरीचं चुकलं, कागूद फाडू. मी लगीच फाडतो. देवाशप्पथ." त्यानं सुतळी पुन्हा मांडीवर घेतली. "दादाच्या तोंडानं आयकू द्या."

मल्हारी असं कधीच म्हणणार नाही, हे त्याला ठाऊक होतं, आणि तिलाही ठाऊक होतं. ती उठली. आतनं आक्काबाई लगबगीनं बाहेर आली. तिला यातलं काही कळलेलं दिसत नव्हतं. "जाऊबाई, अशा रिकाम्या हातानं निघाला व्हय? थांबा." तिनं कांद्याच्या कोवळ्या पातीची जुडी आणून गिताबाईच्या पदरात घातली. "आपल्या नव्या रानातली हाय. पयली खुडलीया."

गिताबाईनं पदर घट्ट धरला.

संध्याकाळी तिनं पातीची भाजी केली, डाळीचं पीठ पेरून. मल्हारी दोन भाकरी जास्त जेवला. "चव न्यारी हाय गं," तो म्हणाला. "कुठल्या रानातली?"

"आक्काबाईनं दिली."

"हां," मल्हारी म्हणाला. मग रूपालीकडं बघून हसला. "बघ. तुझ्या दहा गुंठ्यातली हाय."

रूपालीचा घास हातातच राहिला. गिताबाईनं तिच्या ताटात न मागता भाकरीचा चतकोर टाकला. "जेव," ती म्हणाली. "अब्यास करायचाय."

रूपाली अभ्यास करायची. पूर्वीसारखं हसत नव्हती. गणित सुटलं की चित्र काढायची, चित्राकडं बघायची, मग पुन्हा खालची हद्द घालून बघायची. गिताबाई पहाटे भाकरी करायला उठायची तेव्हा ती आधीच पाटीवर काहीतरी लिहीत असायची. एकदा म्हणाली, "आई, मी तुला दहा गुंठं परत घिऊन देईन. नोकरी लागली की." गिताबाई म्हणाली, "तू आदी डोक्याला तेल लाव." फाल्गुनात परीक्षा झाली. गणिताच्या पेपराच्या दिवशी रूपाली घरी आली आणि म्हणाली, "लाटेचंच गणित आलं हुतं." एवढंच म्हणाली आणि पाणी प्यायला आत गेली.

जेठात, पावसाच्या आधी, मल्हारीचा चुलतभाऊ भैरू कोकणातनं कळप घेऊन परतला. तीनशे मेंढरं. दरसाल तो वाटेत वस्तीवर थांबायचा आणि खतासाठी मेंढरं ओढ्याकाठच्या तुकड्यात बसवायचा. जाळीचा वाडा सरकवत सरकवत दोन रात्रींत ते रान पुरं व्हायचं. दोन रात्री बसवायचा, तिसऱ्या सकाळी निघायचा. या साली कळप विहिरीमागच्या पट्टीत बसला.

पहिल्याच सकाळी भैरू चहाला आला आणि म्हणाला, "झालं बरं का, मल्हारी. रान भरलं. आजची रात कुठं बसवू?"

"दोन राती लागत्यात की," मल्हारी म्हणाला.

"ते तुझ्या वढ्याकाठच्याला. हे एका रातीचं हाय. जाऊन बघ की."

मल्हारी लंगडत विहिरीमागं गेला. गिताबाई त्याच्या मागं गेली, घागर घेऊन, पाण्याचं निमित्त करून. पट्टीभर लेंड्या पडल्या होत्या, या बांधापासून त्या बांधापर्यंत, मोकळी जागा कुठं नव्हती. मूत आणि लोकरीचा उबट वास वर येत होता. मल्हारी मध्ये जाऊन उभा राहिला. वाकून त्यानं जमिनीवर हात ठेवला. मग ओढ्याकडं बघितलं, पलीकडं, चिंचेपासून बाभळीपर्यंत. ओठ हलत होते. तीनशे मेंढरं, दोन राती. तीनशे मेंढरं, एक रात. हे गणित त्याला कुणी शिकवायला नको होतं.

तो बराच वेळ वाकलेलाच राहिला. उठताना गुडघ्यानं दगा दिला. गिताबाई पुढं झाली आणि त्याचा दंड धरला.

"एका राती झालं," तो म्हणाला.

"व्हय."

त्यानं तिच्याकडं बघितलं. तिनं नजर काढून घेतली नाही. कोंबडं आरवलं, भैरूचं कुत्रं कुठंतरी भुंकलं.

"तुला सहा दिस लागायचं," मल्हारी म्हणाला.

त्यानं डोक्याचं मुंडासं सोडलं, तोंड पुसलं, पुन्हा बांधलं. नीट बसेना म्हणून परत सोडलं. शेवटी ते खांद्यावरच टाकलं.

"तिला ठाव हाय?"

"हाय."

"कवापासनं?"

"दिवाळीची सुट्टी सरल्यापासनं."

तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, "मला ठाव झालंय, हे तिला सांगू नगंस." आणि विचारलं, "निकाल कवा हाय तिचा?"

"ह्याच आठवड्यात."

"शिकू दे म्होरं." आणि वळून तो घराकडं निघाला. नेहमी बांधावरनं जायचा. त्या दिवशी लेंड्यांतनं, सरळ मधनं गेला.

त्यानंतर मल्हारीनं गिरणीवर किंवा बाजारात दहा गुंठ्यांचं नाव काढलं नाही. कुणी आठवण काढलीच तर बैलांवर बोलायचा. रूपालीला वाटलं, आप्पा विसरले. तिला गणितात शंभरात एक्क्याण्णव पडले, आणि आषाढात ती पत्र्याची पेटी घेऊन पुण्याला हॉस्टेलवर गेली. मल्हारी तिला पोचवायला हमरस्त्यापर्यंत गेला. एसटी हलली तेव्हा पेटी नीट ठेव, एवढंच ओरडून म्हणाला.

भादव्यात विहिरीमागचा कांदा खुरपणीला आला. गिताबाई सोमवारी दिवस उगवताना बसली. माती चांगली होती, कांदा चांगला होता. वितीवितीनं ती पुढं सरकली. बुधवारी उन्हं कलताना खुरपं पुढं घातलं आणि ते दगडाला लागलं. बांध होता. तिनं मान वर केली. रान संपलं होतं. अंगाला अजून तीन दिवसांची ओढ होती. बोटं वाकलेलीच राहिली, सरळ होईनात.

गुरुवारी ती विळा घेऊन तालीवर गवत कापायला गेली. ओढ्यापलीकडं आक्काबाई एकटीच खुरपत होती. तीही सोमवारीच बसली होती. अजून चिंच आणि बाभळीच्या मध्यावरच होती.

"जाऊबाई," आक्काबाईनं हाक मारली. "झालं बी तुमचं?"

"झालं."

"लई लवकर उरकलं की औंदा!"

"हात चालला," गिताबाई म्हणाली.

शुक्रवारी ती पुन्हा आली. शनिवारीही आली. तालीवर गवत फारसं उरलं नव्हतं. ती मुळापासनं कापत राहिली. उन्हं कलली तेव्हा आक्काबाई खालच्या बाभळीपाशी पोचली, उठली आणि खुरपं दगडावर आपटलं. त्याचा आवाज पाण्यावरून अलीकडं आला. गिताबाईनं पदरानं मान पुसली. मागं वळून बघायला तिच्यामागं रान नव्हतं. तिनं भारा बांधला, डोक्यावर घेतला आणि घरी निघाली.